दुपारची पाळी

हिलालाबच्या शाळेतली दक्षिणेकडची तिसरी खोली सितनाच्या वाट्याला आली. खरं तर त्या खोलीचा एक कोपरा. उरलेल्या तीन कोपऱ्यांत तीन घरं. मधे भिंती म्हणून बायकांनी अंगाभोवती गुंडाळायचे आपापले जुने तोब दोऱ्यांवर टाकले होते. एकीची चूल पेटली की चौघींच्या डोळ्यांत धूर जायचा. एकीला रडू फुटलं की बाकीच्या तिघी ऐकू आलं नाही असं दाखवायच्या. एवढी माणुसकी सगळ्यांनी सांभाळली होती.

सितना खार्तूमला लागून असलेल्या ओमदुरमानची. मुलींच्या शाळेत उस्ताजा, म्हणजे बाई म्हणून, भूगोल शिकवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. नवरा लढाईच्या आधीच आजारपणात गेला होता, आणि पुढे पुढे ती म्हणायला लागली की सुटला. रमजान सरत आला असताना शहरात तोफा सुरू झाल्या. दोन्हीकडचे आपलेच, दोघंही देश वाचवायला निघालेले, आणि मधल्या गल्लीत पाणी भरायला गेलेल्या बाया मरत होत्या. तेव्हा तेरा वर्षांच्या तसाबीहचा हात धरून ती निघाली ती नदीच्या काठाकाठानं उत्तरेला, आणि बसवाल्यानं जिथे उतरवलं तिथे उतरली.

शेजारच्या कोपऱ्यात कल्तूमा म्हातारी होती. मूळची पश्चिमेकडची, न्यालाची. तिथली मागची एक लढाई सोसून ती ओमदुरमानला आलेली, बाजारात चहाची शेगडी मांडून बसायची. आता पदरात एक नात तेवढी उरलेली, मशाइर, तसाबीहच्याच वयाची.

"उस्ताजा, तुझ्या भूगोलात हे गाव होतं का गं?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"नव्हतं."

"मग बरोबर. पुस्तकात नसलेल्या गावातच आपल्याला जागा मिळते."

पहिल्या हिवाळ्यात गॅस संपला, कोळसा परवडेना, आणि उत्तरेचा वारा तर हाडं फोडत होता. कल्तूमा एका सकाळी वर्गातला बाक ओढत अंगणात नेऊ लागली, तशी सितना धावली.

"त्याला हात लावू नकोस. मुलांचा बाक आहे तो."

"मुलांनाच शिजवून घालतेय की! का नुसत्या बाकावर बसून त्यांची पोटं भरतात?"

सितना जाऊन त्या बाकावर बसली. म्हातारीनं तिला बसू दिलं. पण चार दिवसांनी तसाबीहला ताप भरला. तिला गरम लापशी द्यायची तर काटकीसुद्धा उरली नव्हती. सितनानं स्वतःच्या हातानं बाकाचा पाय मोडायला घेतला. तो मोडेना. कल्तूमानं आतून कुऱ्हाड आणून दिली. पुढे किती बाक गेले ते कुणी मोजलं नाही.

हिवाळा सरून ऊन तापू लागलं तसं सितनाला बसवेना. शाळेच्या अंगणात दिवसभर मुलं नुसती हिंडत होती, आणि ती शिकवणारी बाई असून हातावर हात ठेवून बसली होती. तिनं एक मोडकं दार कडुनिंबाला टेकवलं, तव्याची काजळी फासून काळं केलं, आणि ओरडली, "या रे, इकडे बसा!" पहिल्या दिवशी नऊ-दहा आली. महिनाभरात सावली पुरेना. गावातली मुलंसुद्धा यायला लागली, कारण पगार बंद झाल्यावर गावचे निम्मे मास्तर वाळवंटात सोनं खणायला गेले होते. गावची आणि उपरी पोरं मांडीला मांडी लावून बसायची, एकमेकांच्या उवा घेऊन जायची.

एकदा तिनं विचारलं, "आपल्या देशाची राजधानी कोणती?"

"खार्तूम!" ओमदुरमानची मुलं ओरडली.

"छट्! ते तर रिकामं झालं. राजधानी आता बंदरावर आहे, माझे बाबा सांगतात," गावचा एक मुलगा म्हणाला.

"आमच्याकडे कुठलीच नव्हती," मशाइर म्हणाली. तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती. ती खरंच आठवून सांगत होती.

सगळे सितनाकडे बघत राहिले. सगळा जन्म ज्या प्रश्नाचं उत्तर तिनं फळ्यावर लिहिलं होतं त्याचं उत्तर तिला देता येईना. "आज नद्या करू," ती म्हणाली. "नद्या तरी जागच्या जागी आहेत."

मशाइर मोठी तरतरीत पोर. न्यालाच्या लढाईत तिची शाळा पहिलीतच सुटली होती. वाचायला ती इथे, त्या दाराच्या फळ्यावर शिकली, आणि वर्षाच्या आत तसाबीहची पुस्तकं ओढून वाचू लागली. दोघी एका बाजेवर झोपायच्या आणि सकाळी भांडत उठायच्या.

मग सरकारचा हुकूम आला की शाळा उघडा. त्या दिवशी अंगणात सभा भरली. मुख्याध्यापक मुजम्मिल मध्यम वयाचा, मऊ बोलणारा, कुणाचंच मन न मोडणारा माणूस होता. खरा शब्द चालायचा तो पालक समितीच्या हाज तैफूरचा. त्याच्या खजुराच्या बागा होत्या, बाजारात दुकान होतं, आणि पांढरीशुभ्र पगडी नीट करत बोलायची त्याला सवय होती.

"वर्षभर आम्ही तोंडातून अवाक्षर काढलं नाही," तैफूर म्हणाला. "पाहुणा अल्लाचा असतो. पण पाहुण्यानं आमच्या पोरांचे बाक जाळून खाल्ले! आता आमच्या मुलांनी काय करायचं? गुरं राखायची?"

"आणि आम्ही कुठे जायचं?" कल्तूमा मागून गरजली. "तुझ्या पगडीत?"

लोक हसले. तैफूर हसला नाही. "रेल्वेच्या पलीकडे मोकळी जागा आहे. तंबू येणार आहेत."

"तिथे विंचू आहेत."

"विंचू सगळीकडेच आहेत, हाजा."

"हो, ते दिसतंच आहे."

मुजम्मिलनं सितनाला बाजूला घेतलं. "उस्ताजा, तुम्ही जाणत्या आहात. तुमच्याशिवाय ही माणसं ऐकायची नाहीत. खोल्या रिकाम्या झाल्या तर सकाळी गावची मुलं बसतील, आणि दुपारी तुमची. दुपारची पाळी मी स्वतः चालवतो. अल्लाची शपथ."

सितनानं रात्रभर विचार केला असं नाही. विचार तिचा आधीच झालेला होता. शाळा शाळाच असायला हवी, हे ती मनातून मानत होती, आणि इतके दिवस वर्गात चूल पेटवताना तिच्या मनाला जे लागत होतं ते कुणाला सांगता आलं नव्हतं. शिवाय तसाबीहची नववीची बोर्डाची परीक्षा समोर होती. वर्ष बुडाल्यानं पोर आधीच मागे राहिली होती. ती कोपऱ्याकोपऱ्यात गेली, प्रत्येक घराशी बसून बोलली. "छप्पर आज ना उद्या जाणारच आहे," ती सांगायची. "निदान त्याच्या बदल्यात काहीतरी पदरात पाडून घेऊ. मुलं शिकली तर उद्या आपण माणसांत येऊ."

सगळ्यांत शेवटी ती कल्तूमाकडे आली.

"तुला त्या मऊ माणसाचा भरवसा वाटतो?" कल्तूमानं विचारलं.

"त्यानं शपथ घेतलीय."

"मला त्याच्या शपथेचं कौतुक नाही. तू शब्द देतेस का?"

"देते."

म्हातारीनं दोरीवरचा तोब ओढून खाली घेतला आणि घडी घालायला लागली.

गाढवगाड्यांवर बाजा, भांडी, पाण्याचे रांजण लादून ती साठ-सत्तर घरं रेल्वेच्या पलीकडे गेली. जमीन अशी खडकाळ की तंबूची खुंटी ठोकताना हात सोलून निघत. इकडे शाळेला चुना लागला, धुरानं काळ्या झालेल्या भिंती झाकल्या गेल्या. रविवारी, आठवड्याच्या पहिल्या दिवशी, घंटा झाली. ती पलीकडे तंबूंत ऐकू आली. त्या दुपारी बायांनी मुलांना आंघोळी घातल्या, मुलींच्या वेण्या घातल्या आणि ती उन्हात रांगेनं बसून राहिली. मशाइरनं पिठाच्या फाटक्या पोत्याची पिशवी शिवली होती.

सितनाला सकाळच्या वर्गांवर घेतलं होतं. पगार कधी मिळेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण सध्या ती उस्ताजा होती. दुपारी तिनं मुजम्मिलला गाठलं. "मुलं तयार आहेत."

"पुढच्या रविवारी. बाक यायचेत."

पुढच्या रविवारी बाक आले, तर पाणी नव्हतं. त्याच्या पुढच्या रविवारी पहारेकरी नव्हता. तंबूंतल्या आंघोळी बंद झाल्या. आणि मग एका दुपारी सितना वह्या तपासत मागे थांबली होती, तेव्हा अंगणातून एकसाथ पाय आपटल्याचा आवाज आला. ती दारात आली. गावची पंधरा, सोळा, सतरा वर्षांची पोरं रांगेत उभी होती. काहींच्या हातात बंदुका, बाकीच्यांच्या हातात काठ्या. एक फौजी माणूस त्यांना वळायला शिकवत होता. नववीच्या वर्गातली चार तोंडं तिनं लगेच ओळखली. सकाळी तिनं त्यांना वाऱ्यांच्या दिशा शिकवल्या होत्या.

ती तशीच कचेरीत गेली. मुजम्मिलसमोर तैफूर चहा पीत बसला होता.

"हे काय आहे?"

"तात्पुरतं आहे, उस्ताजा," मुजम्मिल खाली बघत म्हणाला. "वरून आलंय. गावाच्या रक्षणासाठी. अंगण फक्त दुपारीच मोकळं असतं ना..."

"दुपारी आमची पाळी आहे!"

"पोरांना शिकवतोच आहोत की," तैफूर म्हणाला. "विषय तेवढा वेगळा."

"हाज, मी शंभर मुलांच्या आयांना शब्द दिलाय."

तैफूरनं पेला खाली ठेवला. "मी तुला सरळच सांगतो, मुली. लढाई जवळ येतेय. तुझ्या त्या तंबूंत पश्चिमेकडचे लोक आहेत. त्यांचे भाऊ, चुलते कुठल्या बाजूनं लढतायत, तुला ठाऊक आहे? मला नाही. मी त्यांच्या पोरांना माझ्या मुलांच्या वर्गात, बंदुकांच्या शेजारी, नाही बसवणार."

"ज्यांची तुम्हाला भीती आहे त्यांनीच या लोकांची गावं जाळली! त्यांच्यापासूनच पळून आलेत हे."

"असेल. पण कपाळावर लिहिलेलं नसतं."

मुजम्मिल तिच्या मागोमाग व्हरांड्यात आला. आवाज आणखी मऊ करून म्हणाला, "तसाबीहला सकाळी आणा. नववीत बसवतो, बोर्डाला नाव घालतो. शिक्षकांच्या मुलांना कुणी अडवणार नाही."

ती व्हरांडा उतरून निघाली. रेल्वेचे रूळ ओलांडेपर्यंत तिनं मनात दहा वेळा त्याच्या तोंडावर नकार फेकला. तंबूत शिरली तेव्हा तसाबीह धड्यांची उजळणी करत होती, स्वतःलाच प्रश्न विचारून स्वतःच उत्तरं देत होती. सितना तिच्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मुलीला उठवलं आणि म्हणाली, "चल, तोंड धू. शाळेत जायचंय."

"सगळ्यांना?"

"तुला."

"आणि मशाइर?"

"आधी तू चल. मग बघू."

"यम्मा, 'मग बघू' असं ते सरही म्हणतात," तसाबीह म्हणाली. पण ती उठली. आईची ती चूक म्हणावी, तर ती चूक दोघींनी मिळून केली.

कल्तूमा तंबूच्या दारात दात घासत बसली होती. दोघींना जाताना बघून ती थुंकली. "वा, उस्ताजा! आम्ही छप्पर दिलं आणि तू खुर्ची घेतलीस. चांगला सौदा झाला. आमच्या बाजारात एवढं कुणाला जमलं नाही."

सितना मुलीला घेऊन रुळांकडे चालू लागली. त्या संध्याकाळी तिनं तंबूंच्या मधे चटई अंथरली, मुलांना हाका मारल्या. कुणी आलं नाही. एक लहानगा आला, तर त्याची आई येऊन त्याला दंडाला धरून घेऊन गेली. "घरी चल. त्यांचं शिकणं त्यांना लखलाभ," ती मुलाला म्हणाली, पण बघत सितनाकडे होती.

मशाइर विटांच्या भट्टीवर जायला लागली. ओल्या विटा उन्हात मांडायच्या, सुकल्या की उलटायच्या. तसाबीह परत येताना तिच्या वाटेवर थांबायची. आधी दोघी बोलत बोलत यायच्या. मग मशाइर दुसऱ्या वाटेनं यायला लागली.

हिवाळा संपता संपता तंबूंत बातमी पसरली की मशाइरचं लग्न ठरलं. नवरा सोन्याच्या खाणीवरचा, चाळिशीचा, आधीची एक बायको असलेला. सितना ऐकताक्षणी कल्तूमाकडे गेली.

"कल्तूमाखाला, पोर पंधराचीसुद्धा नाही."

"तुझीही नाही."

"म्हणूनच सांगतेय..."

"तुझी नववीत आहे," म्हातारी शांतपणे म्हणाली. तो शांतपणा तिच्या टोमण्यांपेक्षा वाईट होता. "मागणी घेऊन आला तेव्हा तो म्हणाला, मुलगी काय करते? शिकतेय म्हटलं असतं तर मी त्याला हाकलला असता. मला येतं हाकलायला. पण काय म्हणू? विटा उलटते? आणि भट्टीवरचे पुरुष तिच्याकडे कसे बघतात ते तू बघितलंस? मी म्हातारी. उद्या मी मेले तर ती कुणाच्या तंबूत जाईल, तुझ्या?"

"माझ्या येईल."

"तुझा शब्द एकदा घेतलाय मी, उस्ताजा."

लग्नाला डफ वाजला, बायकांनी जिभा हलवून आनंदाचे सूर काढले. मशाइरच्या हातांवर काळी मेंदी नीट रंगली होती. ती रडली नाही. तसाबीह तिच्या शेजारी बसली होती, मशाइरनं हळूच तिला विचारलं, "परीक्षेत नद्या येतात का गं?" तसाबीह म्हणाली, "येतात." "मला सगळ्या पाठ आहेत," मशाइर म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहाटे एक पिकअप तिला घेऊन वाळवंटाकडे गेली.

त्याच सुमारास दुसरी एक पिकअप शाळेच्या अंगणातून भरून गेली. त्यात नववीतली सहा मुलं होती, तैफूरचा पुतण्या अम्मारही होता. हा पोरगा वर्गात मागे बसून नकाशे सुंदर काढायचा, समुद्राला निळं करताना श्वास रोखून धरायचा. त्यांना नाक्यावर उभं करायला नेतोय असं सांगितलं होतं. पंधरवड्यानं तिघे परत आले, तिघांची नुसती नावं आली. तैफूरच्या घरी अम्मारसाठी शोकाचा मांडव पडला. सितना बायकांमधे बसून आली. बाहेर तैफूर लोकांना सांगत होता, "आमचा मुलगा शहीद झाला, मला अभिमान आहे." पगडी नीट करायला त्याचा हात वर गेला आणि तसाच राहिला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात नवीन पोरं पाय आपटत होती, आणि ते बंद करा असं तैफूर म्हणाला नाही. उलट आता तर म्हणूच शकत नव्हता.

परीक्षा झाली. सहा जागा रिकाम्या होत्या. परत आलेल्या तिघांपैकी कुणालाच पुन्हा वर्गात बसायचं नव्हतं. तसाबीह पास झाली, चांगली झाली. निकाल कळला तेव्हा सितनाचे डोळे भरून आले. तिनं उसन्या साखरेचं सरबत केलं. तसाबीहनं दोन घोट घेतले.

"आता कुठल्या शाळेत?" तिनं विचारलं.

पुढची शाळा अतबरा शहरात होती. तिथे जायचं तर राहायचं कुठे, हे सितनानं विचारात घेतलंच नव्हतं. इतके दिवस ती फक्त या एका परीक्षेपर्यंत बघत होती.

"बघू," ती म्हणाली, आणि तो शब्द तोंडातून निघताच मुलीच्या नजरेनं तिला भाजून काढलं.

नवं वर्ष सुरू व्हायच्या आधी मुजम्मिल स्वतः तंबूंकडे आला. वहाणांत खडे शिरले म्हणून तो थांबून थांबून चालत होता. "उस्ताजा, भूगोलाला माणूस नाही. गणितालाही नाही. तुम्हीच दोन्ही घ्या."

"तंबूंतली मुलं सकाळी बसतील? गावच्या मुलांबरोबर, एकाच बाकावर?"

"मला चालेल हो. पण हाज तैफूर..."

"मग हाज तैफूरला सांगा भूगोल शिकवायला."

"रागावू नका. गावच्या मुलांचा काय दोष?"

हा प्रश्न तिला बरोबर लागला. पुढच्या रांगेतल्या त्या गावच्या मुली तिच्या डोळ्यांसमोर आल्या, सकाळी तिच्यासाठी खजूर आणणाऱ्या. त्यांचा दोष नव्हताच.

"कुणाच्याच मुलांचा नाही," ती म्हणाली. "या तुम्ही."

तो गेला. तिनं तंबूची एक बाजू सोडून काठ्यांवर ताणली, सावली केली आणि पुन्हा चटई अंथरली. या वेळी सहा मुलं आली. तसाबीह त्यांतल्या धाकट्यांना घेऊन बसली. त्यांतला मोठा मुलगा वर्षापूर्वी कडुनिंबाखाली धडाधड वाचायचा. आता एकेका अक्षरावर बोट ठेवून अडत होता, आणि अडला की हसत होता, लाजून. सितनानं त्याला पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू करून दिलं.

कल्तूमा समोरून पाण्याचा डबा घेऊन चालली होती. ती थांबली. सितना उठून तिच्याकडे गेली.

"सोडली मी नोकरी," तिनं सांगितलं.

कल्तूमानं डबा या हातातून त्या हातात घेतला. वाळवंटातून महिनाभर काही निरोप नव्हता. त्याआधी एक आला होता तो एवढाच की मशाइरला दिवस गेलेत.

"चांगलं केलंस," म्हातारी म्हणाली. "एक वर्ष आधी केलं असतंस तर सात मुलं झाली असती."

डब्यातलं पाणी हिंदकळू न देता ती आपल्या तंबूकडे निघून गेली.